बेझंटबाईंचा खरा दोष

यंदाच्या गणेशोत्सवात इथे भोपाळला अशोका गार्डनमध्ये मराठी मंडळींसमोर ॲनी बेझंट यांच्यावर व्याख्यान झालं. वक्त्यांचं वाचन होतं, बोलण्याची हातोटी होती आणि मुद्दा अगदी सरळ होता. बेझंटबाई पंधरा वर्षं कट्टर नास्तिक होत्या. त्या नास्तिकतेनं त्यांना पोकळीशिवाय काही दिलं नाही. स्वभाव भावनाप्रधान, म्हणून जो पुरुष जवळ आला त्याचं मत त्या उचलत गेल्या. शेवटी थकून अध्यात्माच्या आश्रयाला आल्या आणि शांत झाल्या. एवढ्यावर न थांबता त्यांनी पुढे जोडलं की 'सुधारक'कार आगरकर आणखी दहा वर्षं जगले असते, तर तेही याच वाटेनं गेले असते. टाळ्या पडल्या. प्रश्नांना वेळ उरला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बेझंटबाईंचं थिऑसॉफीकडे, म्हणजे कर्म, पुनर्जन्म आणि गूढविद्या मानणाऱ्या पंथाकडे जाणं मलाही पटत नाही. त्यांच्या हातून गंभीर चुका झाल्या आणि त्यांतली एक मला अक्षम्य वाटते. पण व्याख्यानात जी हकीकत सांगितली गेली ती तारखांशी जुळत नाही. शिवाय तिच्यामुळे दोष भलत्याच ठिकाणी लागतो आणि ज्याचा जाब विचारायला हवा ते तसंच राहून जातं.

पुरुषांच्या मागे जाण्याची गोष्ट आधी घेते, कारण ती सर्वांत जुनी आणि सर्वांत अन्यायाची आहे. बाईंच्या हयातीतच ती पसरली होती. ॲनी वुडचं लग्न १८६७ मध्ये फ्रँक बेझंट या पाद्र्याशी झालं. १८७१ मध्ये तान्ह्या मेबलला डांग्या खोकला झाला. लेकरू श्वासासाठी तडफडताना आईनं दिवसरात्र पाहिलं आणि दयाळू देव हे कसं होऊ देतो, असा प्रश्न तिला पडला. त्या ऑक्सफर्डला डॉ. प्यूझी या नामांकित धर्मपंडिताकडे गेल्या, तेव्हा वाचन फार झालं, आता प्रार्थना करा, असा सल्ला मिळाला. १८७३ मध्ये नवऱ्यानं अट घातली की चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी घ्यायचा, नाहीतर घर सोडायचं. त्यांनी घर सोडलं. येशूच्या देवत्वावर आक्षेप घेणारी त्यांची पुस्तिकाही त्याच वर्षीची. नास्तिकांचे पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉ यांची पहिली भेट झाली ती ऑगस्ट १८७४ मध्ये. म्हणजे ज्या पुरुषानं त्यांना नास्तिक केलं असं सांगितलं जातं, त्याची ओळख होण्याआधीच घर, नवरा, पाद्रीणबाईचा मान, सगळं मागे पडलं होतं. आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं वळण, १८८९ मध्ये थिऑसॉफीत जाण्याचं, ते कुणामुळे? थिऑसॉफीच्या एक संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की या बाईच्या पुस्तकामुळे. पुरुषांची यादी लावून या आयुष्याचा अर्थ लागत नाही.

बाईंबरोबर हर्बर्ट बरोज हे त्यांचे समाजवादी सहकारीही थिऑसॉफीत गेले. विल्यम क्रुक्ससारखा रसायनशास्त्रज्ञ थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद होता, एडिसन होता, काँग्रेसचे जनक ह्यूम होते. हे सगळे कुणाच्या प्रभावाखाली वाहवत गेले, असं कुणी विचारत नाही. त्यांनी मत बदललं की ते जिज्ञासू ठरतात आणि बाईनं बदललं की तिचा स्वभाव आड येतो. ब्रॅडलॉंना हे वळण आवडलं नव्हतं आणि त्यांनी ते आपल्या वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिलं. त्यांनी मतांवर आक्षेप घेतले. आपल्या वक्त्यांना तेवढंही जमलं नाही.

आता पोकळी. १८७७ मध्ये ब्रॅडलॉ आणि बेझंटबाई यांनी चार्ल्स नोल्टन या अमेरिकन डॉक्टरची संततिनियमनावरची जुनी पुस्तिका मुद्दाम पुन्हा छापली, पोलिसांना आधी कळवून विकली आणि अश्लीलतेच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. एक तरुण बाई भर कोर्टात न्यायाधीशाला आणि ज्यूरीला सांगत होती की दर वर्षी बाळंत होणाऱ्या गरीब बाईला आपल्या शरीराची माहिती मिळण्याचा हक्क आहे. सहा महिन्यांची कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. वरच्या कोर्टात आरोपपत्रातल्या तांत्रिक उणिवेवरून ती रद्द झाली. वर्षाला हजारभरही न खपणारी ती पुस्तिका खटल्याच्या काही महिन्यांत लाखाच्या वर गेली. मग बाईंनी स्वतःची 'लॉ ऑफ पॉप्युलेशन' लिहिली, गरिबाला परवडेल अशा किमतीत.

याची किंमत त्यांनी लेकीच्या रूपानं मोजली. १८७८ मध्ये न्यायमूर्ती जेसल यांनी मेबलचा ताबा बापाकडे दिला. आई नास्तिक आहे आणि असलं पुस्तक विकते, हीच कारणं होती. मेबल तेव्हा सात-आठ वर्षांची. जिच्या आजारपणात प्रश्न उभा राहिला, तीच पोर त्या प्रश्नापायी हिरावली गेली. माफी मागून, पुस्तिका मागे घेऊन, चर्चमध्ये परत जाऊन लेक मिळवण्याचा प्रयत्न करता आला असता. बाईंनी तो केला नाही. पोकळीतून माणूस आश्रय शोधतो हा सिद्धांत खरा असता, तर तो १८७८ मध्ये खरा ठरायला हवा होता. त्यानंतरची अकरा वर्षं त्या लिहीत राहिल्या, विज्ञान शिकल्या, फेबियन समाजवादी झाल्या, लंडनच्या शाळामंडळावर निवडून आल्या आणि गरीब मुलांच्या जेवणासाठी भांडल्या.

१८८८ चा उन्हाळा मात्र सविस्तर सांगायला हवा, आणि भोपाळमध्ये तर हवाच. पूर्व लंडनमध्ये ब्रायंट अँड मे कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. मुली आणि बाया पहाटेपासून संध्याकाळपर्यंत काम करत. बोलल्याबद्दल, उशिरा आल्याबद्दल, पाय घाण असल्याबद्दल दंड कापला जाई. आठवड्याला काही शिलिंग हाती पडत आणि त्याच वेळी भागधारकांना वीस टक्क्यांहून जास्त लाभांश मिळे. भागधारकांत पाद्रीही होते. काड्यांना लावायचा पांढरा फॉस्फरस दातांतून शिरे आणि जबड्याचं हाड सडवत नेई. चेहरा सुजे, पू वाहे, दुर्गंधी इतकी की घरची माणसंही जवळ बसत नसत. बेझंटबाईंनी कारखान्याच्या दारात उभं राहून मुलींकडून मजुरीचे आणि दंडाचे आकडे घेतले आणि 'द लिंक' या आपल्या छोट्या पत्रात २३ जून १८८८ रोजी 'व्हाइट स्लेव्हरी इन लंडन' हा लेख छापला. लेख खोटा आहे असं लिहून द्या, असा दबाव कंपनीनं कामगारांवर आणला. मुलींनी सही नाकारली. एकीला काढून टाकलं आणि सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. संप पंधरवड्यात जिंकला गेला.

इथे बाईंच्या भक्तांनाही एक गोष्ट सांगायची आहे. हा संप बाईंनी पुकारला नव्हता. त्यांनी मागणी केली होती ती त्या काड्यापेट्या विकत न घेण्याची. बाहेर पडण्याचा निर्णय त्या मुलींचा होता आणि त्याचं श्रेय त्यांचंच आहे. बाईंनी निधी उभा केला, वाटाघाटींत साथ दिली, संघटना बांधायला मदत केली. त्यांचं मोठेपण त्याआधीच्या कामात आहे. मुलीचा जबडा का सडतो या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कंपनीच्या हिशेबाच्या वहीत शोधलं. लाभांशाचा आकडा आणि मजुरीचा आकडा त्यांनी शेजारी शेजारी ठेवला.

आपल्या शहरात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजवावा लागू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून वायू सुटला, तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. कंपनी म्हणत राहिली की कुणा कामगारानं घातपात केला. आणि आपल्यांतलेच कितीतरी जण म्हणत राहिले की नशिबात होतं. कारण कुठे शोधायचं, हा प्रश्न इथे अभ्यासिकेतला राहत नाही.

मग १८८९ मध्ये काय झालं? 'पॉल मॉल गॅझेट'चे डब्ल्यू. टी. स्टेड यांनी बाईंना ब्लाव्हाट्स्कींचा 'सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ परीक्षणाला दिला. त्यांनी तो वाचला, लेखिकेला भेटल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात सोसायटीच्या सभासद झाल्या. हे एका रात्रीत घडलेलं नव्हतं. १८८६ पासूनच आपलं तत्त्वज्ञान अपुरं पडतंय असं वाटत होतं, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. मतांतराची कारणंही त्यांनी लगेच पुस्तिका काढून जगापुढे ठेवली: मेंदूच्या रसायनातून जाणीव कशी उपजते हे जडवाद सांगू शकत नाही, संमोहनात, स्वप्नांत, एकाच माणसातल्या दोन जाणिवांत जे दिसतं त्याचा उलगडा त्याच्याकडे नाही. आणि समाजवादानं भाकरीची व्यवस्था सांगितली, तरी दुसऱ्यासाठी झिजण्याची प्रेरणा माणसाला कुठून मिळते, हा प्रश्न त्यांना सतावत होता. प्रश्न खरे आहेत. जाणिवेचा प्रश्न आजही सुटलेला नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाईला थकलेली म्हणून बाजूला करणं हा बौद्धिक आळस आहे.

उत्तर मात्र त्यांनी ज्या रीतीनं स्वीकारलं ती रीत चुकीची होती. थिऑसॉफिकल सोसायटी आपल्याला परकी नाही. तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, 'द थिऑसॉफिस्ट' मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतूनच निघालं. मद्रासजवळ अड्यारला मुक्काम हलला तो १८८२ च्या अखेरीस. ब्लाव्हाट्स्कींच्या अदृश्य गुरूंची, महात्म्यांची, पत्रं हवेतून पडतात, हरवलेल्या वस्तू प्रकटतात, अशा चमत्कारांची चौकशी करायला लंडनच्या एका संशोधन संस्थेनं रिचर्ड हॉजसन यांना अड्यारला पाठवलं. त्यांच्या १८८५ च्या अहवालानं ब्लाव्हाट्स्कींना कसलेली बनवाबनवी करणारी ठरवलं. ब्लाव्हाट्स्कींनी स्वतःच बेझंटबाईंना सांगितलं की आधी तो अहवाल वाचून या. बाईंनी वाचला आणि बाजूला ठेवला, कारण भेटलेली व्यक्ती त्यांना निर्भय आणि प्रांजळ वाटली होती. ज्या बाईनं चर्चला शब्दाशब्दाचा पुरावा मागितला, कंपनीला पैशापैशाचा हिशेब मागितला, तिनं इथे चेहऱ्यावरून निवाडा केला. पुढे सोसायटीतले सहकारी लेडबीटर यांच्याबरोबर अतींद्रिय दृष्टीनं अणूंची रचना पाहिल्याचा दावा करणारं 'ऑकल्ट केमिस्ट्री' हे पुस्तक आलं, ते या ढिलाईचंच पुढचं पाऊल. रसायनशास्त्रानं त्यातलं काही घेतलं नाही.

शांत झाल्या, हे विधान तर कसं केलं हेच कळत नाही. १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज, १९१४ मध्ये 'न्यू इंडिया' हे दैनिक, १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगनंतर काही महिन्यांत स्वतःची लीग, जून १९१७ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी उटीत स्थानबद्धता, डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसचं अध्यक्षपद. पुढे गांधींच्या असहकाराला विरोध करून त्यांनी लोकप्रियताही गमावली. ज्या कृष्णमूर्तींना त्यांनी जगद्गुरू म्हणून वाढवलं, त्यांनी १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ऑमेनला त्यासाठी उभी केलेली सगळी संघटनाच विसर्जित केली. तेव्हा बाई ८१ वर्षांच्या होत्या. याला कुणी शांती म्हणत असेल, तर त्यांनी हे आयुष्य नीट वाचलेलं नाही.

तेव्हा बाईंनी देव मानला की नाकारला, पुरुष ऐकले की बायका, या चर्चेतून काही हाती लागत नाही. माझा आरोप वेगळा आहे. थिऑसॉफीनं त्यांच्यासाठी दुःखाचं कारण हलवलं. १८८८ मध्ये ते मालकाच्या वहीत होतं. नंतर ते दुःख भोगणाऱ्याच्या मागल्या जन्मांत गेलं.

पहिला पुरावा १८९१ चा. 'लॉ ऑफ पॉप्युलेशन' तोपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास खपली होती. बाईंनी ती मागे घेतली आणि हक्क विकायलाही नकार दिला. माणूस हा आत्मा आहे, तेव्हा वासनेवर संयम हाच उपाय, साधनं नकोत, अशी नवी भूमिका. कैद समोर असताना, लेक जाताना जे पुस्तक सोडलं नाही, ते तत्त्वज्ञान बदलल्यावर सोडलं. पण वर्षाआड बाळंत होणाऱ्या बाईचं शरीर त्या दोन वर्षांत बदललं नव्हतं. तिच्या नवऱ्याला कोण संयम शिकवणार होतं? आपल्याकडे हा प्रश्न उचलला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र, १९२३ मध्ये पुस्तक, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'. प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. बाईंनी पुस्तिका मागे घेतल्यापासून कर्व्यांच्या केंद्रापर्यंत तीस वर्षं जातात. संयमाचा तोच उपदेश त्या काळात आणि त्यानंतरही गांधींसह अनेकांनी केला, आणि बाळंतपणात बाया मरत राहिल्या.

दुसरा पुरावा १९०९ चा आहे आणि याच चुकीला मी वर अक्षम्य म्हटलं. 'इंडियन रिव्ह्यू' मासिकात बेझंटबाईंनी अस्पृश्यांच्या उद्धारावर लेख लिहिला. त्यात त्यांचं म्हणणं असं की या मुलांना आधी स्वच्छता, सभ्य वागणं आणि प्राथमिक शिक्षण वेगळं द्यावं. त्यांची शरीरं पिढ्यान् पिढ्यांच्या खाण्यापिण्यानं दुर्गंधीयुक्त झाली आहेत, म्हणून स्वच्छ कुळातल्या मुलांशेजारी त्यांना बसवू नये. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात हा उतारा उद्धृत केला आहे. १९१७ च्या ज्या काँग्रेसनं अस्पृश्यांवरची बंधनं दूर करण्याचा ठराव केला, तिच्या अध्यक्ष याच बाई होत्या, हेही त्यांनी दाखवून दिलं. काड्यापेट्यांच्या कारखान्यातल्या मुलींच्या सडलेल्या जबड्यालाही दुर्गंधी येत होती. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, हिला फॉस्फरस कुणी खाऊ घातला? वीस वर्षांनी त्यांनी महार-मांगांच्या, परियांच्या पोरांबद्दल हे विचारलं नाही की यांना पाणवठ्यावरून कुणी हाकललं.

यावर वक्ते म्हणतील की तो काळच तसा होता. मुळीच नाही. तीन वर्षं आधी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत अस्पृश्य मुलांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली होती. शिंदे प्रार्थना समाजाचे, पक्के आस्तिक, ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून आलेले. थिऑसॉफीतल्याच ऑल्कॉट यांनी १८९४ मध्ये मद्रासेत पंचमांसाठी, म्हणजे तिथल्या अस्पृश्यांसाठी, शाळा काढली होती. म्हणून मी हा झगडा आस्तिक विरुद्ध नास्तिक असा मांडू देणार नाही. शिंद्यांच्या श्रद्धेत पोराच्या अंगाचा वास त्याच्या कर्माचा हिशेब नव्हता. बाईंच्या कर्मसिद्धांतात विषमतेला जागा ठेवलेली होती. १८९० च्या दशकात तर त्यांनी जातिव्यवस्थेचं मूळ आत्म्यांच्या विकासाच्या पायऱ्यांत दाखवलं होतं. त्या चौकटीत १९०९ चा लेख अपघातानं आलेला नाही.

आणि आगरकर. बेझंटबाई भारतात आल्या नोव्हेंबर १८९३ मध्ये, आगरकर गेले १७ जून १८९५ ला, चाळिशीच्या आत. दमा तरुणपणापासून मानगुटीवर होता आणि आयुष्य लांबणार नाही हे त्यांना माहीत होतं. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. आश्रय शोधण्यासाठी एखाद्याला जेवढी कारणं लागतील तेवढी त्यांच्याजवळ होती. 'सुधारक'चा सूर तरीही बदलला नाही. जे घडलं नाही त्याची साक्ष मेलेल्या माणसाकडून काढणं हा वादातला नियमभंग आहे. वक्त्यांकडे आगरकरांचं एखादं वाक्य असेल तर त्यांनी ते दाखवावं. त्यांचे लेख ग्रंथरूपानं उपलब्ध आहेत.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा व्हावा म्हणून आगरकर लढले. त्या दशकात नव्यानं आलेल्या बेझंटबाई हिंदू परंपरेच्या कैवारी होत्या आणि सुधारकांना त्यांचा तापच झाला. पुढे मात्र त्या बदलल्या. १९१३ मधल्या मद्रासच्या व्याख्यानांत त्यांनी बालविवाहावर कडक टीका केली आणि आपल्या लोकांकडून मुलांची लवकर लग्नं न करण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. थिऑसॉफी तीच होती; पण या प्रश्नात त्यांनी कारण रूढीत शोधलं. त्यांच्या सहकारी मार्गारेट कझिन्स यांनी जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद भरवली ती पुण्याला, आगरकर प्राचार्य होते त्याच फर्ग्युसन कॉलेजात. दुसरं अधिवेशन १९२८ मध्ये दिल्लीत झालं, आणि अध्यक्षस्थानी होत्या आपल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. पुण्याच्या प्राध्यापकांच्या बायका, आयरिश थिऑसॉफिस्ट आणि भोपाळची पडदानशीन राजमाता यांचा परलोकाबद्दल एकमेकींशी मेळ बसला नसता. मुलींचं लग्नाचं वय कायद्यानं वाढवा, ही त्यांची मागणी मात्र एकच होती, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला.